सीतेचं पान

आमच्या घराण्यात रहस्य नाही, ही माझी पहिल्यापासूनची अडचण.

माणसाने लिहायला बसावं आणि घरात एक धड खून नसावा, माळ्यावर कोंडलेला एखादा वेडा काका नसावा, तर लिहायचं कशाच्या जिवावर? आमचे एकुलते एक काका भाई. मुंबईच्या गोदीतून रिटायर होऊन गावी आले. त्यांचं सगळ्यात मोठं गुपित म्हणजे ते मिशीला कलप लावतात, आणि ते मालवणच्या मासळीबाजारात कोणालाही विचारा, सांगेल. माझा धाकटा भाऊ दीपेश. त्याने घराला लागून खोल्या काढून ‘सी व्ह्यू होमस्टे’ चालवलाय. तिथून समुद्र दिसत नाही, हे त्याचं गुपित, आणि ते पाहुणा खिडकी उघडेपर्यंतच टिकतं. वडील होते ते शाळामास्तर, सरळ माणूस. आई त्यांच्याहून सरळ. अशा घरात जन्माला येऊन मी, चारुता, सावंतवाडीला शाळेत मराठी शिकवते आणि दिवाळी अंकांत विनोदी लेख लिहिते. ‘कोकणच्या हलक्याफुलक्या लेखिका’ असं माझ्या नावाआधी छापतात. मी वजनाने तशी नाही आणि स्वभावाने तर मुळीच नाही.

शेवटी एकदा डोकं फिरलं आणि मी कादंबरी लिहिली. काळीकुट्ट. तिच्यात एक विनोद सापडला तर पुस्तक परत घेईन, असं मी प्रकाशकांना सांगितलं होतं.

नाव ‘बुडालेला पोहरा’. मालवणजवळचं एक घर, घरामागे विहीर. घरातली सीता नावाची मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी नाहीशी होते. पळाली मुंबईला, असं सगळ्या गावाला सांगतात. खरं म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने तिला विहिरीत ढकललेलं असतं, बापाने ते पाहिलेलं असतं, आणि आई सगळं कळूनसवरून पुढे जन्मभर त्याच विहिरीचं पाणी भरते, त्याच पाण्यात भात शिजवते. शेवटच्या प्रकरणात आई पाण्याला जाते आणि खालून आवाज येतो, ‘आई, थंडी वाजते, पांघरूण घाल.’ हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढून घरी आले आणि चहा करून एकटीच पीत बसले. इतकं बरं वाटलं होतं.

यातलं आमच्या घरचं काय, तर फक्त विहीर. तीसुद्धा मी जवळून पाहिलेली दुसरी विहीर नाही म्हणून. आमच्या विहिरीत मे महिन्यात बेडकाची पाठ भिजत नाही. तिच्यात कोणाला ढकललं तर फार तर पाय मुरगळेल. बाकी सीता, तिचा भाऊ, तिचा बाप, सगळे मी रचले. रात्रंदिवस त्यांच्याशी भांडून रचले. म्हणून पुण्याच्या प्रकाशकांनी जेव्हा गोड आवाजात विचारलं, “मॅडम, मुखपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पट्टी टाकूया का? खपतं हो,” तेव्हा मी त्यांना फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. माझं आयुष्यातलं एकमेव गंभीर काम, आणि त्याचं श्रेय घटनेला?

पुस्तक आलं. मी सगळ्यांना सही करून एकेक प्रत दिली. भाईंनी ती टीव्हीखाली ठेवली, टीव्ही हलत होता तो थांबला. दीपेशने ऑफिसच्या काचेत लावली. वाचली ती फक्त त्याच्या बायकोने, सारिकाने, आणि तीही मोठ्याने, मागच्या पडवीत शेजारणींबरोबर सुंगटं सोलताना. कोलंबी सोलता सोलता सगळ्याजणी रडल्या म्हणे. त्या रडल्या ते मला आवडलं. पण दुसऱ्या दिवशी गावात जे पसरलं ते वेगळंच होतं. चारून घरातला सगळा भायर काढल्यान.

दीपेशचा फोन आला.

“ताये, तू ह्या काय लिवलंस गो?”

“कादंबरी.”

“ती सीता आमची कोण?”

“कोण नाय रे. मियां रचलंय ती.”

“आणि तिका ढकलता तो भाव? भाई इचारतत, तो भाव म्हणजे ते काय म्हणान.”

“भाईंका सांग, तो भाव दिसाक बरो आसा.”

यावर तो म्हणाला, “पण बाव आमचीच आसा मा?”

बाव म्हणजे विहीर. विहीर आमचीच आहे हे मला नाकारता येईना, आणि तिथेच माझी केस कच्ची झाली.

पुढचं सगळं दीपेशच्या पंपामुळे झालं. बेडकाला पुरत नाही त्या पाण्यावर त्याने होमस्टेसाठी हा एवढा मोठा पंप बसवला होता. उन्हाळ्यात विहीर आटली, पंप कोरडा फिरला आणि जळला. दुरुस्त करून आणला, पुन्हा जळला. मग पाणी मचूळ लागायला लागलं. अंगाला साबण लावून बसलेले पुण्याचे पाहुणे तसेच रागारागाने निघून गेले आणि जाताना इंटरनेटवर काय काय लिहून गेले. सारिकाची म्हैस आटली. हे सगळं दर वर्षी थोडंफार होतंच, पण यंदा घरात पुस्तक होतं.

मी शनिवारी गावी गेले तेव्हा भाई ओटीवर माझीच वाट पाहत बसले होते. मिशी ताजी काळी होती, म्हणजे काहीतरी गंभीर बोलायचं होतं.

“चारू, घराक तरास आसा,” ते म्हणाले. “त्या चेडवाचा काय तरी करूक होया.”

“खंयच्या चेडवाचा?” चेडू म्हणजे मुलगी.

“सीतेचा.”

“भाई, सीता नाय आसा. मी ती मनातसून लिवलंय.”

भाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “तुझ्या मनात खंयसून इली ती? तू मास्तरीण मा? आडात नाय तर पोहऱ्यात खंयसून येतला, सांग बघू.”

ही म्हण मी दर वर्षी आठवीला शिकवते. वाक्यात उपयोग करून दाखवा म्हणून सांगते. कोणी माझ्याच अंगावर ती अशी ओतेल, आणि तीही माझ्याच पुस्तकाच्या नावातला पोहरा घेऊन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

“मगे तिका ढकलल्यान कोणी? तिचो भाव तुम्हीच आसात,” मी म्हटलं.

भाई चपापले. त्यांनी जरा विचार केला. “आमच्या पिढीतली नाय ती. आमच्या बापाशीची भयण आसतली.” असं म्हणून त्यांनी तो खून बसल्या जागी एक पिढी वर सरकवला. दीपेशने सुस्कारा सोडला. वरच्या पिढीतलं कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायलाही कोणी नव्हतं.

“पुस्तकावर नाव माझा आसा, भाई. लिवणारी मी.”

“पोस्टमन कागद घेवन येता, म्हणान तो कागद तेनाच लिवलो काय?” भाई म्हणाले आणि आत चहाची ऑर्डर दिली.

अशा वेळी आमच्याकडे पुढचं ठरलेलं असतं. ग्रामदेवतेला कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात, देवाला प्रश्न विचारतात, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, ऑपरेशन, ग्रामपंचायतीचा उमेदवार, सगळं आमच्याकडे देवाला विचारून होतं. कादंबरी पहिल्यांदाच गेली. माझ्या पुस्तकावर आजवर एकाही समीक्षकाने लिहिलेलं नव्हतं, पहिलं परीक्षण देव लिहिणार होता.

मी चिडून गेले, पण गेले. माझी बाजू मांडायला कोणी तरी नको का?

बाबली गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आवाज मोठा छान आहे त्याचा. “बा देवा म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत, तेंच्या घरात जो काय पाण्याचो, पंपाचो, म्हशीचो आणि गिऱ्हाईकांचो तरास चल्लो आसा, तो घरातल्या कोणा चेडवाच्या नाराजीन आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

उजवी पाकळी पडली. आता मी बाबलीला लहानपणापासून ओळखते. तो डावी पाकळी अंगठ्याने चांगली दाबून बसवतो आणि उजवी नुसती टेकवतो, हे मी शाळकरी वयात पाहिलेलं आहे. ते मी दीपेशच्या कानात सांगितलं. त्याने मला कोपराने ढोसलं.

बाबलीने पुन्हा पाकळ्या लावल्या. “आणि आमच्या चारून पुस्तकात जी कोण सीता म्हणान लिवल्यान हा, तीच जर ही आसात, आणि आपला पान मागता आसात, तर तसो उजवो कौल दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

या दुसऱ्या ‘व्हय म्हाराजा’त माझाही आवाज होता. काय करणार, तान्ही असल्यापासून ऐकलेलं आहे. गाऱ्हाणं संपलं की जीभ आपोआप उचलते. पाकळी पडेपर्यंत मला कळलंसुद्धा नव्हतं. दीपेश मात्र वळून बघत होता.

“तू पण व्हय म्हणलंस,” तो म्हणाला.

उजवी पाकळी पडलेली होती. मी देवळाबाहेर येऊन चपला शोधू लागले. रागाने आधी दुसऱ्याच कोणाच्या तरी घातल्या.

ठरलं ते असं. भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी, म्हणजे पितरांना जेवू घालायचं तेव्हा, आजवर आमच्या घरी जितकी पानं वाढली जात त्यात एक जास्त वाढायचं. सीतेचं. आणि ते विहिरीच्या काठावर ठेवायचं.

मधल्या दिवसांत काय झालं, तर पाऊस पडला. विहीर भरली, पाणी गोड झालं, पंप जळायचा थांबला, म्हैस व्यायली. सगळ्यांनी ते सीतेच्या खात्यावर लिहिलं. पान द्यायचं नुसतं कबूल केलं तर हे, मग दिल्यावर बघा. दीपेशने तर विहिरीपाशी दोन खुर्च्या टाकल्या आणि आलेल्या पाहुण्यांना हळू आवाजात गोष्ट सांगायला सुरुवात केली. पाहुण्यांना समुद्र दिसत नव्हता, पण विहिरीत डोकावून अंगावर काटा येत होता, त्यामुळे तक्रार कमी झाली. तिकडे पुण्याहून फोन आला की पुस्तक संपत आलंय, दुसरी आवृत्ती काढू, आता तरी पट्टी टाकूया. मी पुन्हा नाही म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं. विनोदी लेख लिहायचे तेव्हा लोक म्हणायचे, हिला सुचतं बरं. आता इतकं जीव ओतून लिहिलं तर म्हणतात, हिला सुचलं नाही, हिला कोणी तरी सांगितलं. एका माणसाने, फक्त एका माणसाने म्हणावं, चारू, तू घडवलीस ही मुलगी. तेवढ्यासाठी मी म्हाळाला जायचं ठरवलं. कारण म्हाळाला काशीआत्या येणार होती.

काशीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि भाईंची सगळ्यात मोठी बहीण. ऐंशी ओलांडलेली, कसालला लेकाकडे असते. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात पुस्तकं वाचणारी एवढी एकच बाई. भिंग घेऊन वाचते आणि कुठे चुकलं ते सांगते. माझे विनोदी लेख तिला कधी पसंत पडले नाहीत. ‘बुडालेला पोहरा’ तिने पहिल्या आठवड्यातच संपवला होता, हे मला तिच्या सुनेकडून कळलं होतं, पण तिने त्यावर एक शब्द काढला नव्हता. माझा तिच्यावर भरवसा होता. भाईंना गप्प करू शकेल अशी तीच एक होती. लहानपणी भाईंचे कान तिनेच पिळले होते.

म्हाळाच्या सकाळी स्वयंपाकघरात वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास सुटला होता. सारिका घामाघूम होऊन शिरवाळ्यांचा साचा दाबत होती. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, आणि त्या नारळाच्या गोड रसाबरोबर खायच्या.

“सीतेच्या पानार रस वाढूचो नाय,” सारिकाने मदतीला आलेल्या बायांना बजावलं. “ती शिरवाळे मिठाक लावन खाता. रस तिका चलना नाय.”

“ह्या तुका कोणी सांगला?” मी विचारलं.

“तुमीच नाय लिवलास, तायनू? तिसऱ्यात आसा.”

माझ्याच पात्राच्या आवडीनिवडी मला माझी भावजय समजावून सांगत होती, आणि बरोबर सांगत होती. इतकं बारकाईने माझं पुस्तक कोणी वाचलं नव्हतं. तिला मिठी मारावी की साचा तिच्या डोक्यात घालावा, मला ठरवता येईना. मी मुकाट्याने मीठ वाढलं.

आत्या रिक्षातून उतरली ती हातात कापडी पिशवी घेऊन. तिने कोणाला पिशवी धरू दिली नाही. ओटीवर बसून पाणी प्याली, भाईंकडे बघून म्हणाली, “मिशयेचो रंग गालाक लागलो हा,” आणि भाई पुसायला आत गेले. मला धीर आला.

पानं वाढली. आजा, आजी, वडील, आई, सगळ्यांना नमस्कार झाले. मग मिरवणूक विहिरीकडे निघाली. दीपेशने सीतेचं पान काठावर ठेवलं आणि आम्ही मागे सरलो. कावळा लगेच आला. आमच्याकडचे कावळे होमस्टेच्या मासळीवर पोसलेले आहेत, बोलावल्याशिवाय येतात. पण भाईंनी “बघलास?” असं म्हणून सगळ्यांकडे, विशेषतः माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा आत्या पुढे झाली. तिने पिशवीतून एक गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून हाताने शिवलेली, टाके अगदी बारीक. आणि गोधडीही बारकी. केळीच्या पानाहून लहान. ती तिने पानाच्या शेजारी काठावर नीट पसरली.

सारिकाला राहवलं नाही. “आत्येनू, इतकी बारकी? सीता लग्नाची होती मा? तिचे पाय भायर येतले.”

“कापड तितक्याच होता गो,” आत्या म्हणाली.

सगळे हसले. भुका लागल्या होत्या, वडे आत वाट पाहत होते, त्यामुळे माणसं भराभर घरात गेली. आत्या तिथेच दीपेशच्या खुर्चीवर बसली. मला म्हणाली, तू रव. मी दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि इतक्या महिन्यांची वाफ बाहेर काढली. भाई, बाबली गुरव, पाकळी, पोस्टमन, सगळं. म्हटलं, आत्ये, तू पुस्तक वाचलंयस. तुला कळतं. तू आत जाऊन एकदा सांग त्यांना की ही मुलगी चारूने रचलीय.

तिने माझं बोलणं ऐकलं की नाही कोण जाणे. ती पानाकडे बघत होती.

“तां शेवटचा तुका कोणी सांगल्यान?” तिने विचारलं.

“शेवटचा म्हणजे?”

“थंडी वाजता, पांगरूण घाल म्हणता तां.”

मी काही बोलण्याआधी तीच बोलू लागली. आवाज नेहमीसारखाच, बाजारभाव सांगावा तसा.

“माका एक चेडू झाला होता. लग्नाच्या आदी. कोणाचा तां इचारू नको, तो पण मेलो. मार्गशीर्ष होतो, थंडी होती. रातीचा झाला आणि सकाळी गेला. माझ्या आवशीन, तुझ्या आजयेन, तेका तसाच उचलून नेल्यान आणि मागच्या माडाच्या मुळात पुरल्यान. उघडाच. गुंडाळूक फडको सुद्दां घेवक नाय. घरातलो एक फडको जरी कमी झालो तरी बापाशीक कळात, म्हणान.”

घरातून भाईंचा हसण्याचा आवाज आला. कोणीतरी सांबारं मागत होतं.

“आवशीन मरासर नाव काढूक नाय. मियां पण नाय. म्हाळाक सगळ्यांची पाना बघी होतंय दर वर्साक. तेचा पान कसा वाढतले? तेका नाव पण नाय.”

“तो माड खंय आसा, आत्ये?” मी विचारलं.

“आता खंय? दीपग्यान थंय गाडयो लावूक जागा केल्यान मा.” तिने गोधडीचा एक कोपरा दुमडला होता तो सरळ केला. “म्हणान इचारतंय. खरा सांग माका. तुका तां सुचला, काय कोणी सांगल्यान?”

हाच तो प्रश्न. इतके महिने मला हाच प्रश्न कोणी विचारायला हवा होता. भाईंनी विचारला नव्हता, त्यांनी उत्तरच सांगितलं होतं. देवालासुद्धा दुसऱ्यांनीच विचारला. आणि आता जिच्या मताला मी किंमत देते ती बाई मला विचारत होती, आणि मी जे म्हणेन ते मानणार होती. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सुचलं, आत्ये. त्या दिवशी मी अर्धी रजा काढली होती. एकटीने चहा पीत बसले होते.

तिचा हात अजून गोधडीवर होता. ती सुरकुत्या नसलेल्या जागीही हात फिरवत होती.

“सांगल्यान,” मी म्हटलं. “तिनाच सांगल्यान.”

आत्याने वर पाहिलं नाही. “रागान सांगल्यान?”

“नाय गो. राग नाय म्हणाली. थंडी वाजता म्हणाली, तितक्याच.”

“आणि आता?”

“आता तू घातलंस मा पांगरूण.”

ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग पदराने तोंड पुसून, गुडघ्यांवर हात टेकून उठली. “चल, वडे निवले आसतले,” म्हणाली.

आत गेल्यावर तिने भाईंहून जास्त वडे खाल्ले. इतकी भूक मी तिला कधी पाहिली नव्हती.

भाई संधीची वाटच बघत होते. पंगत ऐन रंगात असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “काय गो चारू? कावळो शिवलो तां बघलंस मा? अजून म्हणतंस, मियां रचलंय म्हणान?”

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. आत्या खाली मान घालून शिरवाळे खात होती, मिठाला लावून. तिला रस चालत नाही हे मी आजवर शंभरदा पाहिलं असेल आणि कधी लक्षात घेतलं नव्हतं.

“नाय भाई,” मी म्हटलं. “तुमचाच खरा. रचूक नाय मियां.”

भाईंनी मिशीवर असा ताव दिला की बोटं काळी झाली. दीपेश म्हणाला, ताये, शेवटी मानलंस. सारिकाने माझ्या पानात आणखी एक वडा टाकला, हरलेल्या माणसाला टाकतात तसा. मी तो खाल्ला. वडा चांगला झाला होता.

आठवड्याने पुण्याहून फोन आला. मी तासावर होते, व्हरांड्यात येऊन बोलले. प्रकाशक खुशीत होते. “मॅडम, तुमच्या बंधूंशी बोलणं झालं. देवाने कौल दिला म्हणे, आणि तुम्हीही सगळ्यांसमोर कबूल केलंत. मग आता पट्टी टाकतो. ‘सत्यघटनेवर आधारित’.”

“टाकून बघा,” मी म्हटलं. “पट्टी नाही. उलट पहिल्या पानावर ठळक छापा. यातील सर्व पात्रे, घटना आणि विहीर काल्पनिक आहेत.”

“विहीरसुद्धा?”

“विहीर तर आधी.”

मी इतक्या जोरात बोलले होते की आठवीच्या वर्गात एकदम शांतता पसरली.

तर अशी मी दोन्हीकडे खोटं बोलून बसले आहे. घरच्यांना सांगितलं की मी रचलं नाही, वाचकांना सांगितलं की सगळं रचलं. एवढी धडपड करून शेवटी घराण्यात एक रहस्य मिळालं, आणि ते मला लिहिता येत नाही. भाई भेटेल त्याला सांगतात की चारूला दृष्टान्त होतात. परवा एका बाईने हरवलेल्या बांगडीबद्दल विचारायला मला फोन केला होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं जपायचं होतं तर हे काय लिहून ठेवलंत? मी कुठे काय लिहिलंय? ही कथा आहे. माझ्या वडिलांना बहीणच नव्हती. कसालला आमचं कोणी राहत नाही. म्हाळाच्या दिवशी तिथून रिक्षाने कोणी येत नाही, आणि विहिरीच्या काठावर सीतेच्या पानाशेजारी यंदाही कोणी बारकी नवी गोधडी पसरली नाही. सगळं मी रचलंय. घरच्यांनी कधी ऐकलं नाही, निदान तुम्ही तरी ऐका.